सुटकेच्या कथेतील शेवटचे प्रकरण

शहर कधीतरी कोलमडणार आहे आणि तत्पूर्वी येथून निघून जाण्याची तजवीज करून ठेवली पाहिजे, हा विचार २०२० सालच्या टाळेबंदीनंतर कोथरूडमधील काही सुशिक्षित घरांत आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतो. मुळशीकडे दहा-पंधरा गुंठे जमीन, तीत विंधनविहीर, छपरावर सौर पट्ट्या, वर्षाचे धान्य आणि कागदपत्रांची भरून ठेवलेली पिशवी, अशी त्या योजनेची साधारण रूपरेषा असते. हा विचार वेडगळ म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाणी, वीज आणि औषधे यांपैकी एकाचा पुरवठा आठ दिवस थांबला तर सहाव्या मजल्यावरच्या वृद्धांचे काय होईल, हे ज्याने पाहिले आहे तो असे हसणार नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. अशी योजना ही मुळात एक कथा असते. तीत संकट असते, नायक असतो, निवडलेली माणसे असतात आणि एक वाट असते. कथा म्हटली की तिची समीक्षाही करता येते.

ही कथा कोथरूडच्या परिसराला नवी नाही. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला. १८९७ मध्ये रँडच्या अधिकाराखाली घरझडत्या व विलगीकरणाच्या छावण्या सुरू झाल्या, आणि ज्यांना शक्य होते ते लोक पेठा सोडून मोकळ्या माळांवर झोपड्या घालून राहू लागले. कोथरूड आणि हिंगणे ही तेव्हा गावाबाहेरची खेडी होती. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्थापिलेल्या अनाथ बालिकाश्रमापुढेही हाच प्रश्न उभा राहिला. विधवांच्या शिक्षणाला शहरात विरोध होताच, त्यात पुन:पुन्हा उसळणाऱ्या प्लेगची भर पडली. रावबहादूर गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जागा दिली, तीवर एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तेथे गेला.

कर्वे यांचे 'आत्मवृत्त' या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. गणिताच्या या प्राध्यापकाचे गद्य कोरडे आहे, अशी तक्रार अनेकांनी केली आहे आणि ती अगदीच निराधार नाही. भय, आकांत, ओसाड पडलेली पेठ यांची वर्णने ज्याला हवी असतील त्याची येथे निराशा होईल. परंतु सुटकेच्या कथेत हाच कोरडेपणा गुण ठरतो. भयाचे वर्णन जेवढे रंगते तेवढा लेखक कथेच्या मध्यभागी येऊन बसतो, आणि मग आपण कसे वाचलो एवढाच विषय उरतो. कर्वे यांचे लक्ष आपण कसे वाचलो याकडे नाही. ते आहे वर्गण्यांच्या हिशेबाकडे, जागेकडे आणि मुलींच्या अभ्यासाकडे. त्यांनी शहर सोडले ते ज्यांना दुसरे घर नव्हते त्यांना बरोबर घेऊन. आणि सोडूनही ते शहराशी बांधलेलेच राहिले. फर्ग्युसन कॉलेजात शिकवावयाचे आणि धड रस्ता नसलेल्या त्या चार मैलांच्या वाटेने हिंगण्यास चालत जावयाचे-यावयाचे, हा त्यांचा क्रम प्रसिद्धच आहे. ज्या माळावर आश्रयासाठी जाणे झाले, तेथेच १९१६ साली महिला विद्यापीठाचा आरंभ झाला. आश्रयस्थान भिंतींनी बंदिस्त केले असते तर असे काही घडते ना.

त्याच वर्षांत पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. 'मुक्ति'चा उगम असा झाला. येथेही शहर सोडणे घडले, पण गाडीत जागा कोणाला, हा प्रश्न आधी सुटलेला होता.

पाश्चात्त्य साहित्यातही या कथेची परंपरा जुनी आहे. बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'मध्ये १३४८ च्या महामारीत फ्लॉरेन्सच्या सात तरुणी आणि तीन तरुण चक्क सांता मारिया नोव्हेला या चर्चमध्ये भेटून शहराबाहेर जाण्याचा बेत ठरवितात. त्यांच्या शंभर गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. मात्र सुमारे पंधरवड्यानंतर ती दहाही माणसे त्याच चर्चमध्ये परत येतात, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही.

मान्झोनीच्या इतालियन कादंबरीतील दोन आब्बोंदिओ हा तर आमच्याच व्यवसायातला, एका खेड्याचा धर्मगुरू. परकी सैन्य येत आहे असे कळताच तो घाबराघुबरा होऊन निघतो, आणि त्याची घर सांभाळणारी पेर्पेतुआ पैशाचे गाठोडे अंजिराच्या झाडाखाली पुरून ठेवते. परतल्यावर झाडाखाली नुसता खड्डा उरलेला असतो. सैनिकांनी नेले असे वाटलेले काही सामान तर गावातल्याच घरांत निघते. मान्झोनी त्याला खलनायक करीत नाही, हसून सोडून देतो. पण शेजारच्या माणसाशी नाते नसेल तर पुरलेल्या धनाचे रक्षण कोण करणार, हे त्या खड्ड्यावरून वाचकाला उमगते.

अल्बेर कामूच्या १९४७ सालच्या 'प्लेग' या कादंबरीत फादर पानलू आपल्या दुसऱ्या प्रवचनात मार्सेयच्या एका बिशपची कथा सांगतात. रोग्यांसाठी होते नव्हते ते सारे केल्यावर, आता उपाय उरला नाही असे मानून तो बिशप अन्नसाठा करून उंच भिंतींआड बसला, आणि ज्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्या भिंतींवरून प्रेते आत फेकली. याच प्रवचनात पानलू प्रथमच 'तुम्ही' सोडून 'आपण' म्हणू लागतात. कामू श्रद्धावंत नव्हता, तरी 'तुम्ही'पासून 'आपण'पर्यंतचे हे अंतर त्याने नेमके ओळखले होते.

येथे आपल्या मराठी आत्मचरित्रांतील एका उणिवेची नोंद केली पाहिजे. प्लेगच्या आठवणी लिहिल्या त्या बहुधा बाहेर पडू शकलेल्यांनी. गटारे उपसणारे, प्रेते वाहणारे, ज्यांना जाण्यास माळही नव्हता, ते या पानांत पार्श्वभूमीसारखे येतात. सावित्रीबाई फुले शहराकडे पाठ न फिरविता रोग्यांकडे गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर उचलून आणले असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. त्या कवयित्री होत्या, पण त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. जो थांबतो त्याची हकिकत लिहिण्यास पुष्कळदा कोणी उरत नाही, आणि म्हणून निघून जाणाऱ्याची कथा हीच शहाणपणाची कथा भासू लागते.

निघून जाणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. पवित्र कुटुंबही रातोरात इजिप्तला गेलेच होते. परंतु हेरोद मेल्यावर ते परत आले, हेही त्याच शुभवर्तमानात आहे. आमच्या धर्मग्रामातील ज्या कुटुंबांनी अशी योजना आखली असेल, त्यांनी ती एकदा कथा म्हणून वाचून पाहावी. तीत आजीला जागा आहे काय? वीस वर्षे घरची भांडी घासणाऱ्या बाई कोणत्या प्रकरणात येतात? इमारतीचा रखवालदार दार उघडून देण्यापुरताच आहे काय? आणि संकट ओसरल्यावर काय, हे शेवटचे प्रकरण लिहिले आहे काय? आम्ही ऐकलेल्या बहुतेक योजनांत ते नाही. गाडी घाट चढते आणि कथा संपते.

हिंगण्याचा तो माळ आता कर्वेनगर झाला आहे आणि शहराच्या पोटात आहे. ज्या भूमीकडे एकदा लोक शहरातून निघाले, तेथूनच आज पुढे निघण्याचे बेत होतात. मुळशीचेही उद्या असेच होईल. शहर माणसांच्या मागोमाग येतेच. तेव्हा आपण जेथे जाऊ तेथे कोणाला घेऊन जातो आणि मागे राहिलेल्यांकडे जाणारी वाट वापरात ठेवतो की नाही, यावरच आपली योजना तोलली जाईल. कर्वे यांच्या नावाचा रस्ता आजही कोथरूडला शहराशी जोडतो, आणि त्यावरून माणसे दोन्ही दिशांनी जातात.