सिगारेटी मोजणारा तक्ता आणि ओठाखालचा बार

हिरड्यांच्या आजारांवर संशोधन करू पाहणाऱ्या कुणाचाही सिनॉप्सिस उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक तक्ता सापडतोच. वरच्या भागात स्टेज एक ते चार, खाली ग्रेड ए, बी, सी. मॉरित्सिओ टोनेटी, हेन्री ग्रीनवेल आणि केनेथ कॉर्नमन यांच्या 2018 सालच्या लेखातला हा तक्ता. नोव्हेंबर 2017 मध्ये शिकागोला अमेरिकन आणि युरोपियन पिरिओडोंटॉलॉजी संघटनांची संयुक्त कार्यशाळा झाली, तिच्यातून हे वर्गीकरण आलं. आज जगभर हेच चालतं. त्यामुळे तो तक्ता सिनॉप्सिसमध्ये टाकण्यात काही चूक नाही. अडचण अशी की बहुतेक जण तो डकवतात आणि पुढे जातात. वर्गीकरण हे मोजायचं साधन आहे. तराजू कुठल्या वजनाला खोटा पडतो हे माहीत नसेल तर त्याच्यावर तोललेल्या मालाबद्दल बोलू नये. माझं म्हणणं असं आहे की तंबाखूच्या बाबतीत हा तराजू आपल्या परभणी जिल्ह्यात खोटा पडतो, आणि कसा पडतो ते नीट समजून घेतलं तर त्यातूनच संशोधनाचा एक चांगला प्रश्न निघतो.

आधी थोडी पायाभरणी. आपल्याकडे हिरडीतून रक्त आलं तरी पायरिया, दात हलायला लागला तरी पायरिया. शास्त्रात हे दोन वेगळे मुक्काम आहेत. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं, पण दाताला धरून ठेवणारं हाड शाबूत असतं, तोवर तो जिंजिव्हायटिस. हाड आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू झिजायला लागले की पिरिओडोंटायटिस. पहिला परत फिरवता येतो, दुसऱ्यात गेलेलं हाड साधारणपणे आपणहून परत येत नाही.

पहिला परत फिरतो हे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी 1965 साली दाखवलं. बारा जणांनी दात घासणं बंद केलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. जंतूंचा थर, म्हणजे प्लाक, हे सुजेचं कारण हे सिद्ध झालं. मग बऱ्याच लोकांनी सरळ रेघ ओढली: प्लाक साचला की सूज, सूज राहिली की हाड झिजणार. ही रेघ लो यांच्याच पुढच्या कामाने मोडली. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या 480 मजुरांच्या तोंडांची पाहणी त्यांच्या गटाने 1970 ते 1985 या काळात केली. ब्रश नाही, दंतवैद्य नाही, सगळ्यांच्या दातांवर प्लाक आणि कीटणाचे थर. तरी 11 टक्के लोक जिंजिव्हायटिसच्या पुढे गेलेच नाहीत. 81 टक्क्यांचा आजार मध्यम गतीने वाढला, 8 टक्क्यांचा झपाट्याने. पस्तिशीला पोचेपर्यंत झपाट्याच्या गटात दाताची पकड सरासरी 9 मिलिमीटर सुटली होती, मधल्या गटात 4, आणि न वाढलेल्यांत 1 मिलिमीटरपेक्षा कमी. एकच मळा, तशीच घाण, आणि एवढा फरक! 1986 चा हा लेख मुळातून वाचाच. ‘कारण’ हा शब्द आपण किती सैल वापरतो ते तो वाचताना कळतं.

ग्रेडची कल्पना या फरकासाठीच आहे. स्टेज सांगते नुकसान किती झालं, ग्रेड सांगते ते किती वेगाने झालं आणि त्या वेगामागे काय असू शकतं. हा विचार मला पूर्ण पटतो. आधीच्या 1999 च्या वर्गीकरणात ‘क्रॉनिक’ आणि ‘अॅग्रेसिव्ह’ असे दोन वेगळे आजार होते. पण हे दोन मुळातच वेगळे आहेत असं दाखवणारा पुरावा पुढच्या अठरा वर्षांत उभा राहिला नाही, म्हणून 2017 मध्ये ते एकत्र केले. वीस वर्षं शिकवलेली विभागणी मोडीत काढायला धीर लागतो, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता ग्रेड ठरते कशी ते बघा. पाच वर्षांपूर्वीची मोजमापं किंवा एक्स-रे असेल तर फरक थेट मोजायचा: काहीच झीज नाही तर ए, 2 मिलिमीटरच्या आत तर बी, 2 किंवा जास्त तर सी. जुना एक्स-रे नसेल तर हाडाच्या झिजेच्या टक्क्याला वयाने भागायचं. 45 वर्षांच्या माणसाचं सगळ्यात जास्त झिजलेल्या दाताजवळचं 50 टक्के हाड गेलं असेल तर उत्तर 1.11, म्हणजे सी. तिशीतल्या माणसाचं 20 टक्के गेलं असेल तर 0.67, म्हणजे बी. जिंतूर किंवा पालमच्या खेड्यातून आलेल्या माणसाकडे पाच वर्षांपूर्वीचा दाताचा एक्स-रे निघेल ही आशाच नको, त्यामुळे इथे भागाकारच करावा लागणार. तोही चालेल, फक्त आजचा एक्स-रे तरी हवा. शिबिरात आरसा आणि प्रोब घेऊन बसलेल्या माणसाकडे तोही नसतो. पुरावा हाती येईपर्यंत बी धरून चाला, असं लेखकच सांगतात. दवाखान्यात हे ठीक आहे, कारण रुग्ण परत येतो. सर्व्हेत माणूस एकदाच भेटतो आणि तात्पुरता बी कायमचा होऊन बसतो.

या भागाकारानंतर दोन गोष्टी ग्रेड वर ढकलतात, मधुमेह आणि धूम्रपान. धूम्रपानाची ओळ अशी: ओढत नाही, दिवसाला दहापेक्षा कमी सिगारेटी, दहा किंवा जास्त. संपलं. बिडीचं नाव नाही. तंबाखू-चुना, गुटखा, मिसरी यांचा मागमूस नाही.

आपल्या राज्याचे आकडे यापुढे ठेवा. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. म्हणजे तक्ता 3.8 टक्क्यांसाठी दोन कप्पे करतो आणि 24.4 टक्क्यांना ‘ओढत नाही’ या एका कप्प्यात घालतो, ज्याने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही त्याच्या शेजारी. परभणीच्या मोंढ्यात सकाळी दहा वाजता उभं राहा. किती जणांच्या बोटांत सिगारेट आहे आणि किती जण तळहातावर चुना-तंबाखू मळताहेत, ते मोजायला सर्वेक्षण लागत नाही.

‘आम्ही सिगारेटऐवजी तंबाखूच्या पुड्या मोजू’ असं म्हणून इथेच टीका थांबवली तर ती उथळ होईल. खरा गुंता पुढे आहे. धूर सगळ्या तोंडात जातो, निकोटिन रक्तात जातं, पांढऱ्या पेशींचं काम बिघडतं, हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात (म्हणून ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं आणि ती फसवी निरोगी दिसते). तंबाखूचा बार मात्र एका जागी बसतो. खालच्या ओठामागे किंवा गालात, रोज तिथेच, वर्षानुवर्षं. त्याचं सगळ्यात नीट नोंदलं गेलेलं हिरडीवरचं नुकसानही त्याच जागी दिसतं: हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं.

ही सरकलेली हिरडी मोजायची कशी? दाताचा मुकुट जिथे संपतो आणि मूळ सुरू होतं त्या रेषेपासून प्रोबने खाली मोजायचं, ही पद्धत मिशिगनच्या सिगर्ड रॅमफ्योर्ड यांनी 1959 मध्ये मांडली. याच रॅमफ्योर्ड यांनी मुंबईतल्या 11 ते 17 वर्षांच्या मुलांच्या हिरड्या तपासल्या आणि तो अभ्यास 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा या विषयातला मिलिमीटर आपल्या राज्यात नवा नाही. त्यांच्या पद्धतीने हिरडी 3 मिलिमीटर सरकली असेल आणि पॉकेट 3 मिलिमीटर असेल तर पकड 6 मिलिमीटर सुटली. आकडा स्टेज तीनमध्ये शोभेल असा.

पण 2018 ची व्याख्या म्हणते, पकड दोन दातांच्या मधल्या बाजूला सुटलेली हवी, आणि तीही शेजारी नसलेल्या किमान दोन दातांपाशी. फक्त गालाकडच्या किंवा जिभेकडच्या बाजूला सुटली असेल तर किमान दोन दातांवर ती 3 मिलिमीटर किंवा जास्त हवी, सोबत 3 पेक्षा खोल पॉकेट हवं, आणि इजेमुळे सरकलेली हिरडी त्यातून वगळायची. नियम शहाणपणाचा आहे. जोरजोरात ब्रश घासून हिरडी उतरवलेल्या माणसाला पिरिओडोंटायटिसचा शिक्का बसू नये म्हणून तो केलाय. मात्र बाराखालची हिरडी या नियमात कुठे बसते? ती बाहेरच्या बाजूला, पॉकेट बहुधा उथळ. तिला इजा म्हणून वगळलं तर माणूस आजाराच्या व्याख्येतूनच बाहेर. फार तर सरकलेल्या हिरड्यांच्या वेगळ्या वर्गीकरणात त्याला जागा मिळेल, पण तिथे हिरडी किती उतरली आणि दातांमधली पकड शाबूत आहे का एवढंच बघतात, कशाने उतरली ते विचारत नाहीत. बरं, त्याला आजारी धरलं तरी ग्रेडमध्ये त्याची तंबाखू मोजली जात नाही. दोन्ही वाटांनी तंबाखू गायब. आणि हाच तक्ता वापरून परभणीत पाहणी केली तर शेवटी निष्कर्ष काय छापून येईल? ‘तंबाखू आणि पिरिओडोंटायटिसची ग्रेड यांच्यात लक्षणीय संबंध आढळला नाही.’ तो संबंध शोधायची जागाच तक्त्यात नव्हती, हे ती ओळ वाचणाऱ्याला कळणार नाही.

लेखकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. ग्रेड म्हणजे वेग, आणि वेग मोजायला तीच माणसं पुन्हापुन्हा तपासावी लागतात. धूम्रपानाबद्दल असा पुरावा भरपूर आहे. धूरविरहित तंबाखूवरचे बहुतेक अभ्यास माणसाला एकदाच तपासून केलेले, त्यात वय, ब्रशची सवय, गरिबी सगळं मिसळलेलं. पुरावा नसताना ओळ घातली असती तर मीच नावं ठेवली असती. शिवाय पुढे नवे घटक जोडता येतील अशी सोय या चौकटीत मुद्दाम ठेवलेली आहे. पण जिथे ही तंबाखू खाल्ली जाते तिथेच दीर्घकाळचे अभ्यास झाले नाहीत तर तो पुरावा येणार कुठून? शिकागोहून नक्कीच नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण मिरवतो, तर हे काम आपल्याकडेच व्हायला हवं.

मधुमेहाच्या ओळीतही अशीच एक खाच आहे. ए ग्रेडच्या रकान्यात ‘साखर नॉर्मल’ आणि ‘मधुमेहाचं निदान नाही’ हे दोन्ही एकत्र बसवलेत. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, 7 टक्क्यांच्या आत असलेला मधुमेही बी आणि 7 किंवा वर असलेला सी. ज्याने कधी तपासलंच नाही त्याला निदान कुठून असणार? तो ढकलला जात नाही. सर्व्हेत ‘मधुमेह नाही’ आणि ‘तपासलं नाही’ हे दोन वेगळे पर्याय ठेवले की हे निस्तरतं.

तंबाखूचं काय करायचं? तक्ता मोडू नका, नाहीतर तुमचे आकडे कुणाशीच ताडून बघता येणार नाहीत. स्टेज आणि ग्रेड जशाच्या तशा काढा आणि शेजारी स्वतःची नोंद ठेवा. पकडीचा एकच आकडा लिहून मोकळे होऊ नका, हिरडी किती सरकली आणि पॉकेट किती खोल हे वेगळं लिहा, दातांच्या मधलं आणि बाहेरच्या बाजूचं वेगळं लिहा. बार नेमका कुठे धरतात ते विचारा, किती वर्षं, दिवसातून कितीदा, रात्री झोपताना तोंडात असतो का, तेही. एकाच गालात धरणारे भेटले तर तुमचं नशीब, कारण त्याच माणसाची दुसरी बाजू ही फुकटची तुलना आहे: वय तेच, साखर तीच, गरिबी तीच, ब्रशही तोच. बिडीचा रकाना सिगारेटपासून वेगळा ठेवा.

आणि मिसरीचं जरा सांभाळून. कापूस वेचायला निघालेल्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलंत तर ती सरळ ‘नाही’ म्हणेल, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, पण ती खायची नसते, लावायची असते. म्हणून ‘सकाळी दाताला काय लावता?’ असं विचारा, आणि उत्तर मिसरी आलं तर ते ‘दात कशाने घासता’ आणि ‘तंबाखू’ अशा दोन्ही रकान्यांत लिहा.