शांत पंखा, तापलेले यंत्र: मापनयंत्रांतील गोंगाट कमी करण्याच्या प्रचलित उपायांची चिकित्सा

प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय किंवा इलेक्ट्रॉनिक लोड चालू केला की पंख्याची घरघर सुरू होते. दोन तास समोर बसणाऱ्याला ती असह्य होते आणि सल्ला मिळतो: शांत पंखा बसवा. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. पंखा आवाज करतो एवढेच त्यात धरलेले असते. तो यंत्राच्या उष्णतेच्या गणिताचा भाग आहे, हे सुटते. या टिपणात आपण या सल्ल्याची तीन रूपे तपासू आणि कामाचा योग्य क्रम ठरवू.

१. कमी डेसिबलचा पंखा

पंख्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठळक असतात: आवाज आणि हवेचा प्रवाह. प्रवाहाचा तो आकडा समोर कोणताही अडथळा नसतानाचा असतो. तुमच्या यंत्रात मात्र जाळी, बोर्ड, हीटसिंक आणि केबली असतात. त्यांतून हवा ढकलायला दाब लागतो. पंख्याचा दाब-प्रवाह वक्र आणि पेटीच्या अवरोधाचा वक्र जिथे छेदतात, तिथे खरा प्रवाह ठरतो. त्यामुळे कागदावर सारखे दिसणारे दोन पंखे दाटीवाटीच्या पेटीत अगदी वेगळे वागू शकतात. केवळ डेसिबल पाहून केलेली निवड म्हणूनच अपुरी ठरते. कमाल स्थितिक दाबाचा आकडाही पाहा.

२. मालिकेत रोधक जोडून वेग कमी करणे

या उपायामागचे भौतिकशास्त्र भक्कम आहे. प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, दाब वेगाच्या वर्गाच्या आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. आवाजातील फरक ढोबळमानाने वेगाच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमच्या ५० पट असतो. वेग २० टक्के घटवला तर सुमारे ५ डेसिबल आणि निम्मा केला तर सुमारे १५ डेसिबल आवाज उतरतो.

आता किंमत मोजू. समजा यंत्रात ६० वॅट उष्णता निर्माण होते आणि प्रवाह सेकंदाला ०.०१ घनमीटर आहे. हवेची उष्णताधारकता घनमीटरला सुमारे १२०० जूल प्रति अंश धरली, तर बाहेर पडणारी हवा ५ °से. तापते. वेग २० टक्के घटवल्यावर ही वाढ ६.२५ °से. होते, निम्म्यावर आणल्यास १० °से. म्हणजे पहिले ५ डेसिबल सव्वा अंशात मिळाले. हा सौदा चांगला आहे. पण हे आकडे हवेचे आहेत. प्रवाह मंदावला की हीटसिंककडून हवेकडे उष्णता जाणेही मंदावते, म्हणून घटक याहून जास्त तापतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मे होते, हा नियम इथे लक्षात ठेवा.

दुसरा दोष रोधकाचाच आहे. सुरू होताना पंख्याला जास्त प्रवाह लागतो आणि नेमका तेव्हाच रोधक जास्त व्होल्टेज खातो. आज फिरणारा पंखा दोन वर्षांनी बेअरिंग कोरडे पडल्यावर सुरूच होणार नाही. तेव्हा यंत्र पूर्ण शांत असेल आणि ती शांतता तुम्हाला यश वाटेल. रोधकाऐवजी व्होल्टेज रेग्युलेटर वापरणे म्हणून अधिक सुरक्षित.

३. तापमानानुसार वेग

हा उपाय सर्वांत हुशार वाटतो, पण मापनयंत्रात तोच सर्वांत जास्त तपासून घ्यावा लागतो. पंखा चालू-बंद होत राहिला तर आतले तापमान खालीवर होते. तांबे आणि कोवार यांच्या जोडावर दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. मायक्रोव्होल्टच्या दहाव्या भागापर्यंत वाचणाऱ्या मल्टिमीटरला हा फरक सहज दिसतो. एचपी ३४४०१ए या साडेसहा अंकी मल्टिमीटरमध्ये तर पंखाच नाही. वेग बदलायचाच असेल तर तो सावकाश बदलावा आणि संवेदक सर्वांत तापणाऱ्या घटकाजवळ असावा.

जुन्या यंत्रांत धोका आणखी मोठा. टेक्ट्रॉनिक्स २४६५ या ऑसिलोस्कोपमधील यू८०० ही आडव्या विक्षेपाची चिप फार तापते, हे दुरुस्ती करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. ती कंपनीने स्वतःसाठी बनवलेली होती. बाजारात तिला पर्याय नाही. अशा यंत्रात आवाज कमी करण्याच्या नादात यंत्रच गमवावे लागू शकते.

योग्य क्रम

आधी आवाजाचे कारण शोधा. करकर असेल तर बेअरिंग झिजले आहे. त्याच मापाचा नवा पंखा पुरेल. पेटी थरथरत असेल तर रबरी बैठक द्या. ठराविक सुराची गुणगुण पात्यांची असते: ७ पाती आणि मिनिटाला ३००० फेरे म्हणजे ३५० हर्ट्झ. पात्यांना लागून असलेली पत्र्याची जाळी हा सूर वाढवते. ती कापून तारेची जाळी लावता येते, पण पेटीचे विद्युतचुंबकीय कवच तिथे उघडे पडते, हे विसरू नका.

यानंतरच वेगाला हात लावा. बदलापूर्वी आणि बदलानंतर, पेटी बंद ठेवून, पूर्ण भारावर, तासभराने हीटसिंक आणि कपॅसिटरचे तापमान थर्मोकपलने घ्या. खोली २५ अंशांवर असताना मिळालेल्या आकड्यावर समाधान मानू नका. नागपूर किंवा जयपूरच्या मे महिन्यात वातानुकूलन नसलेली प्रयोगशाळा ४० अंशांवर जाते; हे १५ अंश तुमच्या वाचनात मिळवा आणि मग निर्णय घ्या. अचूकतेची हमी ठराविक उष्णतास्थितीत केलेल्या अंशशोधनावर टिकते, म्हणून बदलानंतर अंशशोधन पुन्हा करा. यंत्र महाविद्यालयाचे असेल तर आधी परवानगी घ्या, आणि उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढून कपॅसिटर विसर्जित झाल्याची खात्री करा.

पंखा किती शांत झाला हे कान सांगतील. यंत्र अजून विश्वासार्ह आहे का, हे थर्मोकपल आणि अंशशोधनच सांगू शकतात.

स्वाध्याय: वरील ६० वॅटच्या यंत्रात बाहेर पडणाऱ्या हवेची तापवाढ ८ °से. च्या आत ठेवायची आहे. पंख्याचा वेग मूळ वेगाच्या किती टक्क्यांपर्यंत उतरवता येईल आणि आवाज किती डेसिबलने कमी होईल?