विनोदाचा रोख

विनोद हा हलकाफुलका विषय समजण्याची आपली रीत आहे. परंतु २ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्या सोलापुरात तो एका कलावंताला फार महागात पडला. हिंदीतून स्टँड-अप करणारे मराठी विनोदकार प्रणित मोरे येथे प्रयोगासाठी आले होते. प्रयोगानंतर छायाचित्राच्या निमित्ताने जवळ आलेल्या काही जणांनी त्यांना मारहाण केली. अभिनेते वीर पहारिया यांच्यावर केलेले विनोद हे त्यामागचे कारण होते, असे मोरे यांच्या वतीने सांगण्यात आले. पहारिया यांनी आपला या कृत्याशी संबंध नसल्याचे स्पष्ट करून त्याचा जाहीर निषेध केला.

मारहाण निंद्यच. तथापि आम्हांस येथे वेगळाच प्रश्न विचारावासा वाटतो : आपण सभ्य विनोद म्हणतो तो कशाला?

एकट्याने रंगमंच भारून टाकणे मराठी माणसाला नवे नाही. १९६१ साली पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' रंगभूमीवर आणली. पुढे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. पण एकपात्री कलावंत पात्रांच्या आडून बोलतो. स्टँड-अपवाल्याला असा आडोसा नसतो. तो स्वतःच्या नावाने, स्वतःचे मत म्हणून बोलतो. त्यामुळे टाळ्या त्याच्या, तशी जोखीमही त्याचीच.

दूरचित्रवाणीवरचा विनोद या जोखमीपासून बराच दूर असतो. 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झाले, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली. या कार्यक्रमांनी छोट्या गावांतल्या गुणी नटांना घरोघरी पोहोचविले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण या मळलेल्या वाटेवरची हमखास हशा मिळविणारी साधने पाहावीत : लुगडे नेसलेला पुरुष, कुणाचा काळा रंग, कुणाचे लठ्ठपण. यात शिवी नसते, म्हणून आपण त्याला कौटुंबिक मनोरंजन म्हणतो.

लंडनमध्ये १९७९ साली 'कॉमेडी स्टोअर' सुरू झाले. अलेक्सी सेल हे तेथील पहिले सूत्रसंचालक. तेथून जी पर्यायी विनोदाची चळवळ वाढली, तिचा आक्षेप नेमका यावरच होता. त्या काळच्या क्लबांतून सासू, स्त्रिया आणि परदेशांतून आलेले लोक हेच विनोदाचे ठरलेले बळी असत. विनोदाचा रोख दुबळ्यांवरून काढून सत्तेकडे आणि स्वतःकडे वळवावा, असा या नव्या मंडळींचा आग्रह होता. मात्र त्यांची भाषा पुष्कळदा शिवराळ होती.

आपल्याकडील नव्या स्टँड-अपचे गुणदोषही साधारण असेच आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या 'भाडिपा'सारख्या उपक्रमांमुळे मराठीतही हा प्रकार रुजला. त्यात ताजेपणा आहे, स्वतःवर हसण्याचे धैर्य आहे. पण शिवी हीच विनोदाची जागा घेऊ लागली की कलावंताचा आळस उघडा पडतो. प्रेक्षकांतल्या एखाद्या लाजाळू माणसाला उभे करून त्याची टर उडविणे हाही दुबळ्यावरचाच प्रहार होय. निव्वळ 'पर्यायी' या बिरुदाने कुणी थोर ठरत नाही.

वाचकहो, यात आपलाही संबंध येतो. हातात बाटली, ओठांवर 'मॅन' आणि मोडके हिंदी असा ख्रिस्ती माणूस हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे हसण्यासाठी वापरला. त्यात आपल्या शिक्षिका, परिचारिका, कष्टाळू वडीलधारी माणसे कुठेच दिसली नाहीत. तो सल आपल्याला ठाऊक आहे. मग दुसऱ्याच्या रंगावर, देहावर झालेला विनोद आपल्या बैठकीत निर्दोष कसा ठरतो? मुलांच्या कानी शिवी पडताच आपण संच बंद करतो. एखाद्या लठ्ठ मुलीची चेष्टा चालू असते तेव्हा मात्र हसत राहतो. त्या क्षणी मुले काय शिकतात?

आमच्या मते विनोदाला तीन प्रश्न विचारावेत. तो कुणावर पडतो? ज्याच्यावर पडतो त्याला उत्तर देण्याची ताकद आहे काय? आणि हसविणारा स्वतः त्या हसण्यात सामील आहे काय? या कसोटीवर कित्येक 'सभ्य' प्रहसने नापास होतील आणि काही शिवराळ प्रयोगही. न पटलेल्या विनोदाला न हसण्याचा, उठून जाण्याचा, त्यावर परखड लिहिण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहेच. हात उगारण्याचा नाही.

ज्या शहराचे नाट्यगृह 'हुतात्मा स्मृती मंदिर' या नावाने उभे आहे, त्या शहराने बोलणाऱ्याला निर्भयपणे बोलू द्यावे, एवढी अपेक्षा आम्ही केली तर ती गैर ठरू नये.