कक्षपुटांतील अंकयंत्र : एका अक्षराचा पाठनिर्णय

मंत्रतंत्राच्या जुन्या बाडांतून सोळा घरांचीं यंत्रें आढळतात. तीं ऐतिहासिकदृष्ट्या निरुपयोगी समजून बाजूस ठेवूं नयेत, असें आम्हांस वाटतें. उदाहरणार्थ, नागार्जुनाच्या नांवावर असलेला कक्षपुट हा ग्रंथ घेऊं. त्यांत अशा यंत्राची कृति एका श्लोकार्धांत दिली आहे. सूर्य, चंद्र, नारी, लग्न असे शब्द त्यांत ओळीनें येतात, पण अन्वय समाधानकारक लागत नाहीं. तो लागावा अशी कर्त्याची अपेक्षाहि नसावी. शब्दांची निवड कटपयादि संकेतानें अंक मिळविण्यासाठीं आहे. केवळ स्वर, ञ आणि न यांचें मूल्य शून्य, व जोडाक्षरांतील शेवटचें व्यंजन तेवढें धरावयाचें. या रीतीनें सोळा अक्षरांपासून पुढील अंक निघतात :

० १ ० ८
० ९ ० २
६ ० ३ ०
४ ० ७ ०

शून्य म्हणजे रिकामें घर. त्याच्यापासून कर्णरेषेनें दुसऱ्या घरांत जो अंक असेल, तो इष्ट बेरजेच्या निमपटींतून वजा करून तें भरावें. इष्ट बेरीज १०० धरल्यास :

४७ १ ४४ ८
४३ ९ ४६ २
६ ४२ ३ ४९
४ ४८ ७ ४१

आडव्या, उभ्या व कर्णाच्या सर्व ओळी १०० भरतात.

आतां पाठाचा प्रश्न. श्लोकार्धाचा शेवट ‘विनासनम्’ या शब्दानें होतो. व्याकरणाची चाड असणारा संपादक तेथें ‘विनाशनम्’ असें शोधन करण्यास सहज प्रवृत्त होईल. परंतु स म्हणजे ७ आणि श म्हणजे ५. श घेऊन वरील रीतीनें घरें भरल्यास दुसरी ओळ १०२ व चौथी ९८ होते. शिवाय मूळांत ५ वगळून १ ते ९ पर्यंतचा प्रत्येक अंक एकदांच आला आहे. ती योजनाहि मोडते. तेव्हां अशुद्ध दिसणारा दंत्य सकारच खरा पाठ होय, याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं.

काव्य या दृष्टीनें हा श्लोकार्ध सामान्यच ठरेल. नारायणपंडितानें शके १२७८ मध्यें गणितकौमुदींत भद्रगणिताचे नियम उघडपणें सांगितले. तशी शास्त्रीय व्यवस्था येथें नाहीं. पण अवघ्या सोळा अक्षरांत वाटेल त्या बेरजेचें यंत्र सांठविण्याचें कौशल्य मोठें आहे, आणि त्या कौतुकांतच पाठरक्षणाची सोय झाली आहे. संग्राहकांस आमची एवढीच विनंति कीं, यंत्राशेजारील श्लोकांत लेखणी घालण्यापूर्वीं एकवार बेरीज करून पाहावी.