नादियाची उडी आणि गळालेल्या सहा फ्रेम

जुन्या चित्रपटाची ‘रिस्टोअर केलेली’ प्रत घरच्या टीव्हीवर पाहताना आपण नेमकं काय पाहत असतो, हा आजचा प्रश्न. त्यासाठी आम्ही उदाहरण घेतलं आहे परळच्या वाडिया मूव्हीटोनच्या मारधाडपटांचं. सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या किंवा प्रभातच्या संतपटांच्या जतनाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. स्टंटपटाबद्दल कोणी बोलत नाही. पिटातल्या लोकांची करमणूक, गेली तर गेली, असा एकंदर भाव असतो. आमचं म्हणणं उलट आहे: जीर्णोद्धार खरा की खोटा, हे स्टंटपटात जितकं लख्ख कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही.

इथून, वरळीहून, परळ ते किती लांब? तिथे लवजी कॅसल ही वाडियांची वडिलोपार्जित वास्तू होती. १९३३ साली जमशेद ऊर्फ जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे धाकटे भाऊ होमी यांनी वाडिया मूव्हीटोन काढली, आणि तिचा स्टुडिओ या वास्तूत उभा राहिला. १९४२ मध्ये जागा शांतारामबापूंकडे गेली आणि तिथे राजकमल आलं. जे. बी. एच. हे एम. ए. आणि कायदा शिकलेले गृहस्थ, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचे चाहते. आणि या माणसाने काय काढलं, तर १९३५ चा ‘हंटरवाली’! राजकन्या मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि जुलमी कारभाऱ्याला वठणीवर आणते. डग्लस फेअरबँक्सच्या ‘मार्क ऑफ झोरो’चा ठसा उघड दिसतो. फरक एवढाच, की इथे तलवारबहाद्दर बाई आहे.

ती बाई म्हणजे नादिया. जन्म १९०८, पर्थ, ऑस्ट्रेलिया. मूळ नाव मेरी इव्हान्स. लहानपणीच मुंबईत आली, सर्कशीत कामं केली. तिची हिंदी ऐकून आजही हसू येतं. पण घोड्यावरची मांड, आगगाडीच्या टपावरची हाणामारी, उंचावरून टाकलेली उडी हे सगळं ती स्वतः करायची. १९४० च्या ‘डायमंड क्वीन’मध्ये ती साक्षरतेची आणि स्त्रियांच्या मोकळिकीची बाजू घेते. पण खरं सांगायचं तर ते संवाद नसते तरी चाललं असतं. पुरुषाला डोक्यावर उचलून फेकणारी बाई पडद्यावर दिसली की मुद्दा सिद्ध झाला. म्हणजे या चित्रपटांत शरीर हाच पुरावा आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता याच वाडिया घराण्याचा दुसरा जीर्णोद्धार पहा. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी हे १७३६ साली सुरतेहून मुंबईला आलेले जहाजबांधणीचे कारागीर. त्यांच्या वंशातल्या जमशेटजी बोमनजींनी १८१७ साली इथल्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ नावाची सागवानी युद्धनौका बांधली. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. दहाएक वर्षं खपून तिचा जीर्णोद्धार झाला, २००१ मध्ये तो संपला, आणि निम्म्याहून जास्त लाकूड अजून मुंबईचंच आहे. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्गात थिसियसच्या जहाजाचं कोडं घालतात: एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का? वाडियांच्या जहाजाला या कोड्याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं. वाडियांच्या चित्रपटांचं काय?

वरळीकरांना हे कोडं समजावून सांगायची गरज नाही म्हणा. बीडीडी चाळींचा पुनर्विकास समोरच चालला आहे. पत्ता तोच, माणसं तीच, इमारत नवी. राहणाऱ्यांसाठी ते चांगलंच आहे, आम्ही त्याविरुद्ध नाही. पण त्याला कोणी जीर्णोद्धार म्हणत नाही. चित्रपटांच्या बाजारात मात्र पुनर्विकासालाच बिनदिक्कत ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. आपल्या देवळांचंही तेच होतं. काळ्या दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल, आणि दारावर जीर्णोद्धाराची पाटी.

नादियाच्या चित्रपटांच्या घरी पाहायच्या ज्या प्रती आमच्या हाती आल्या, त्यांबद्दल काय बोलावं! एक व्हीसीडी होती, कंपनीचं नाव घेत नाही. चाबूक हवेत फिरला की चित्राचा चौकोनी चुरा व्हायचा. व्हीसीडीत जागा इतकी तुटपुंजी, की जलद हालचाल तिला पेलतच नाही. आणि स्टंटपटात जलद हालचालीवाचून आहे काय? पुढे रुंद टीव्ही आले, तेव्हा पडदा भरावा म्हणून जुन्या जवळजवळ चौकोनी चित्राचा वरचा-खालचा भाग छाटायला लागले. हिशेब केला तर जवळपास चौथा हिस्सा जातो. म्हणजे काय जातं? पाय. फेअरबँक्स काय किंवा नादिया काय, त्यांना डोक्यापासून पायापर्यंत एका चौकटीत दाखवतात ते उगीच नाही. पाय जमिनीवरून सुटलेले दिसले तरच उडी खरी.

यावर इलाज म्हणून आता संगणकी सफाई आली आहे. तिचं चांगलं रूप आधी सांगतो. एरॉल फ्लिनचा १९३८ चा ‘ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ टेक्निकलरमध्ये आहे. त्या पद्धतीत कॅमेऱ्यात तीन कृष्णधवल निगेटिव्ह एकाच वेळी चालत, एकेका रंगाची एकेक. वर्षं गेली तशा त्या तिघी कमी-जास्त आक्रसल्या, आणि छापताना एकमेकींवर नीट बसेनात. कडा पुसट, रंग फुटलेले. २००३ च्या डीव्हीडीसाठी वॉर्नरने संगणकावर तिन्ही पुन्हा अचूक जुळवल्या. इथे कुणी काही मनाने घातलं नाही. जे फिल्मवर होतं तेच आपापल्या जागी बसवलं.

आमच्याकडे अशा निगेटिव्ह जपल्या कुणी? नायट्रेट फिल्म मुळात पेट घेणारी. कितीतरी रिळं चांदी काढायला विकली गेली, कितीतरी दमट गोदामांत कुजली. २००३ मध्येच पुण्याला आग लागून नायट्रेटचा मोठा साठा गेला. वाचल्या त्या बहुधा झिजलेल्या प्रती. फिल्म तुटली की चालवणारा खराब तुकडा कापून दोन टोकं चिकटवायचा, आणि खेळ पुढे सुरू. प्रत जितकी लोकप्रिय तितकी अधिक झिजलेली.

तर समजा, नादियाच्या उडीतच असा एक जोड आहे. सहा फ्रेम गेल्या. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाव सेकंद. ती कठड्यावर दिसते, आणि एकदम खालच्या घोड्यावर. आजचा संगणक मधल्या सहा फ्रेम बनवून देतो, आणि जोड दिसतसुद्धा नाही. द्याव्यात का बनवून?

आपले नैयायिक प्रत्यक्ष आणि अनुमान वेगळं ठेवतात. धूर पाहिला, अग्नीचं अनुमान केलं. ते खरंही असेल, पण अग्नी पाहिला असं म्हणता येत नाही. त्या सहा फ्रेम म्हणजे अनुमान आहे, आणि ते प्रत्यक्षाचा पोशाख घालून रांगेत उभं राहतं. यावर कुणी म्हणेल, चित्रपट म्हणजे मुळातच स्थिर चित्रं, मधली हालचाल आपलं मनच भरतं, मग संगणकाने भरली तर काय बिघडलं? (बौद्ध तार्किकांच्या हरकती तर याहून कडक आहेत, त्यांना वेगळं व्याख्यान लागेल.) बिघडतं ते असं: मन भरतं ते दोन साक्षीदारांच्या मधलं. संगणक नवा साक्षीदारच उभा करतो, जो घटनेच्या वेळी तिथे नव्हता. एखाद्या प्रेमप्रसंगात हे खपून जाईल. पण उडीचं सगळं मोल, ती घडली होती, यातच आहे. नादियाने जीव धोक्यात घालून केलेल्या गोष्टीत पाव सेकंद न घडलेलं मिसळलं, तर उरलेल्या उडीवरही संशय येतो.

धुळीचंही असंच. आपोआप धूळ पुसणाऱ्या यंत्रणा एका फ्रेममध्ये दिसून पुढच्या फ्रेममध्ये नाहीशा होणाऱ्या बारीक गोष्टी शोधतात. चाबकाचं टोक, तलवारीची लकाकी, टापांखालून उडालेला खडा यांचीही वागणूक अगदी तशीच! माणसाने बसून तपासलं नाही, तर यंत्र हंटरवालीच्या हंटरचं टोक कचरा म्हणून झाडून टाकेल.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. डाग पुसा, थरथर थांबवा, आवाजातली खरखर कमी करा, पण श्वास ऐकू येऊ द्या. पूर्ण चौकट दाखवा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले तरी येऊ द्यात. जिथे फ्रेम गेल्या तिथे झटका राहू द्या. आणि सुरुवातीला पाटी टाका: प्रत कुठली, रिळं किती मिळाली, काय बदललं.

आता प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारलं आहे, “सर, कृष्णधवल लावलं की माझी मुलगी उठून जाते. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगीत झाला, तो ती आनंदाने पाहते. नादियाही रंगीत केली तर काय हरकत?”

ताई, हरकत नाही. रंगीत करा, खुशाल विका. फक्त वेष्टनावर ‘रंगवलेली आवृत्ती’ असं लिहा, आणि कृष्णधवल प्रत त्याच डबीत ठेवा. मुलीला आधी रंगीत दाखवा. मग तिला विचारू द्या की ही बाई खरंच त्या गाडीच्या टपावर चढली होती का. तिने विचारलं, की दुसरी तबकडी लावा.