तबकडीच्या पाठीवरचा हिशेब

अप्रसिद्ध कलावंताविषयी रसिकांत दोन मते सहज ऐकू येतात. एक असे, की ज्याचे नाव अद्याप आपल्या कानावर आले नाही त्याच्यात तसे काही नसणारच. गुण असता तर तो लपून राहिला नसता. दुसरे याच्या नेमके उलट : जो अप्रसिद्ध तोच खरा, कारण बाजाराने त्याला अजून बाटवलेले नाही. पहिले मत व्यवहारी माणसाचे, दुसरे हळव्या माणसाचे. ऐकण्याचे कष्ट मात्र दोघांचेही वाचतात. इंग्लंडातील लहान लहान बँडांनी १९७७ पासून पुढच्या सात-आठ वर्षांत जे स्वतंत्र संगीत निर्माण केले, त्याकडेही याच दोन वृत्तींनी पाहिले जाते. एकाला ते अडाण्यांचा गोंगाट वाटते, दुसऱ्याला बंडखोरांचे पवित्र स्तोत्र. मला त्यात तिसरेच काही दिसते आणि ते सांगण्यासाठी आधी पैशांविषयी बोलणे भाग आहे. सौंदर्यविचारात पैशाचा विषय काढणे आपल्याकडे असभ्य समजतात. पण इथे तो कलावंतांनीच काढलेला आहे.

मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने २८ डिसेंबर १९७६ रोजी, एकाच दिवसात, चार गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यासाठी घरच्यांकडून व मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले होते. त्या पैशांत हजार प्रती निघाल्या. 'स्पायरल स्क्रॅच' या नावाची ही छोटी तबकडी जानेवारी १९७७ च्या अखेरीस बाहेर आली, ती 'न्यू हॉर्मोन्स' या कंपनीतर्फे. आणि ही कंपनी म्हणजे बँड आणि त्याची मित्रमंडळीच. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात साधले आणि वर मागाहून काय जोडले, हे त्यांनी वेष्टनावर छापून टाकले. तोवर तबकडी हा एक चमत्कार होता : लंडनमधल्या मोठ्या कंपनीच्या पोटातून ती जन्म घेई आणि कशी घेते हे कोणी विचारीत नसे. मँचेस्टरच्या पोरांनी त्या चमत्काराची कृतीच वेष्टनावर लिहून दिली. यांतल्या 'बोअरडम' या गाण्यात गिटारचा जो एकल तुकडा आहे तो दोनच सुरांचा आहे. तेच दोन सूर पुन्हा पुन्हा वाजत राहतात. ही गिटारवादनातल्या कसरतींची थट्टा आहेच, पण गाण्याचा विषय कंटाळा हा असल्यामुळे ती गाण्यात चपखल बसलेली थट्टा आहे. ज्याला दोनच सूर येतात तो आणि ज्याला दोनच सूर हवे आहेत तो, यांतला भेद ओळखणे हे समीक्षकाचे पहिले काम. पुढच्या काळात हा भेद फार जणांच्या हातून निसटला.

त्याच वर्षी 'डेस्परेट बायसिकल्स' या मंडळींनी १५३ पौंडांत पाचशे प्रती काढल्या. त्यांची युक्ती गमतीची होती : गाणी दोनच, तीच दोन्ही बाजूंना. वर्षभराने 'स्क्रिटी पोलिटी' या बँडने 'स्कँक ब्लॉक बोलोन्या' ही तबकडी काढली, तेव्हा वेष्टनावर सबंध जमाखर्चच मांडला. स्टुडिओचे चौदा तास, ९८ पौंड. कोऱ्या लेबलावर उठवायचा रबरी शिक्का, ८ पौंड. प्रती अडीच हजार. इतरांनी हे वाचावे आणि आपली तबकडी आपण काढावी, हा त्यामागचा हेतू.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. पन्नाशीच्या दशकात 'शब्द' चक्रमुद्रित होऊन निघाले, १९६३ साली अशोक शहाण्यांचे 'असो' आले. आणि कोलटकरांची कविता पुस्तकरूपाने आली तीही शहाण्यांच्याच 'प्रास'कडून, १९७७ मध्ये. तिथेही प्रश्न हाच होता, की छापायचे कुणी हे कुणी ठरवायचे. मात्र आपल्या अनियतकालिकांनी छपाईचा प्रश्न जितका सोडवला तितका वाटपाचा सोडवला नाही. अंक मित्रांत वाटले जात आणि मित्रांतच संपत. इंग्लंडातील मंडळींनी या दुसऱ्या प्रश्नाला हात घातला, आणि त्यांचे खरे कर्तृत्व मला तिथे दिसते.

जेफ ट्रॅव्हिस या तरुणाने १९७६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये 'रफ ट्रेड' हे तबकड्यांचे दुकान काढले. कोणी आपली तबकडी पिशवीत घालून आणली, की तिथे ती ऐकली जाई आणि पसंत पडल्यास काही प्रती ठेवून घेतल्या जात. दुकानातून घाऊक वाटप सुरू झाले, १९७८ मध्ये स्वतःची प्रकाशने सुरू झाली. करार साधा : खर्च वजा जाता उरलेला नफा निम्मा बँडचा, निम्मा दुकानाचा. मोठ्या कंपन्यांत कलावंताच्या वाट्याला येणाऱ्या टक्केवारीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या निम्म्याचे मोल निराळे सांगायला नको. पुढे यॉर्क, लिव्हरपूल, ब्रिस्टल, नॉरिच, एडिंबरा अशा गावांतली अशीच दुकाने आणि लहान वितरक 'रफ ट्रेड'शी जोडले गेले आणि 'द कार्टेल' हे सहकारी जाळे तयार झाले. नाव मक्तेदारांचे, काम मक्तेदारी मोडण्याचे. जानेवारी १९८० पासून 'रेकॉर्ड बिझनेस' या व्यापारी साप्ताहिकात स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची निराळी यादी येऊ लागली. तिच्यात स्थान मिळण्याची कसोटी लक्षात घेण्याजोगी आहे : गाणे कसे वाजते याच्याशी तिचा काही संबंध नव्हता, तबकडी दुकानापर्यंत कोणाच्या गाडीतून आली, एवढेच पाहिले जाई.

पण दुकानात येण्याआधी ती कोणाच्या तरी कानी पडायला हवी. येथे जॉन पील यांचे नाव घ्यावे लागते. बी.बी.सी.च्या 'रेडिओ वन'वर १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते गाणी ऐकवीत होते, आणि पोस्टाने आलेल्या ढिगांतल्या तबकड्या ते खरोखरच ऐकत. सप्टेंबर १९७८ मध्ये बेलफास्टच्या 'गुड व्हायब्रेशन्स' या दुकानाने काढलेली डेरीच्या 'अंडरटोन्स'ची 'टीनेज किक्स' त्यांना इतकी आवडली, की त्यांनी ती लागोपाठ दोनदा वाजवली. ही आख्यायिका सर्वांना ठाऊक असते. तिच्यापेक्षा मला एक रुक्ष गोष्ट महत्त्वाची वाटते. तबकड्या किती तास वाजवाव्यात यावर ब्रिटिश नभोवाणीत मर्यादा होती. ध्वनिमुद्रिका कंपन्यांची संस्था आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांतून ती आली होती. उरलेला वेळ भरण्यासाठी बँडना बोलावून मुद्दाम ध्वनिमुद्रण करावे लागे. पील यांच्या कार्यक्रमासाठी अशी चार हजारांहून अधिक सत्रे झाली. एरवी ज्यांना चांगल्या स्टुडिओचा उंबरा ओलांडता आला नसता अशा मुलांना सरावलेले तंत्रज्ञ, एक दिवस, सामान्यतः चार गाणी आणि वर मानधन मिळे. वादकांच्या पोटाची काळजी म्हणून घातलेल्या निर्बंधातून नवख्यांना एवढा आश्रय मिळाला. रसिकता ही पील यांची. दालन, वेळ आणि मानधन ही संस्थेची. पील गेल्यावर त्यांच्या रसिकतेचे पोवाडे पुष्कळ गायले गेले, दालनाविषयी फारसे कोणी बोलले नाही.

आता ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्या संगीताकडे येतो. त्यातले पुष्कळसे वाईट होते. उत्साह होता, गाणे नव्हते. हे मोकळेपणाने मान्य केले, म्हणजे 'यंग मार्बल जायंट्स'सारख्यांविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो.

हा कार्डिफचा बँड. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सम हे दोघे भाऊ आणि गायिका अ‍ॅलिसन स्टॅटन, एवढीच माणसे. ढोलवादक नाही, नात्यातल्या एका तरुणाने घरी जुळवलेल्या यंत्राचा ठेका कॅसेटवर भरलेला, तो कार्यक्रमात लावायचा. कार्डिफच्या बँडांचा 'इज द वॉर ओव्हर?' हा संग्रह १९७९ मध्ये निघाला, त्यात यांची गाणी होती; ती 'रफ ट्रेड'च्या कानी पडली आणि फेब्रुवारी १९८० मध्ये 'कलॉसल यूथ' ही पूर्ण तबकडी आली. वेल्समधल्या एका आडगावच्या स्टुडिओत आठवड्याभराच्या आत ती मुद्रित झाली होती.

पहिल्यांदा ऐकताना असे वाटते, की काही वादक यायचे राहिले आहेत. गिटारच्या तारा हाताने दाबून वाजवलेल्या, त्यामुळे सूर उमटतो न उमटतो तोच विझतो. चाल बहुधा खर्जातल्या बेस गिटारकडे सोपवलेली; नेहमी जी पायात असते ती इथे डोक्यावर घेतली आहे. ठेका इतका मागे, की तो शेजारच्या खोलीत चालू असावा. आणि या सगळ्यांच्या मध्ये भरपूर रिकामी जागा. स्टॅटन ज्या आवाजात गाते तो आवाज ठेवणीतला नाही. कंप नाही, आळवणे नाही. स्वयंपाकघरात काम करताना स्वतःशीच म्हणावे तसे. शब्द मात्र प्रेमभंगाचे, मत्सराचे, उपेक्षेचे. भावना आणि स्वर यांच्यामध्ये ठेवलेल्या या अंतरामुळे गाणे थंड होईल असे वाटते. प्रत्यक्षात श्रोता पुढे वाकून ऐकू लागतो. मोठ्याने रडणाऱ्याकडे आपण नजर टाकतो आणि पुढे जातो, न रडणाऱ्यापाशी थांबतो, तसे काहीसे हे आहे.

त्याच वर्षीच्या 'फायनल डे' या गाण्यात ही रीत टोकाला गेली. विषय अणुयुद्धाने येणारा जगाचा शेवट. लांबी दोन मिनिटांहूनही कमी. गाणेभर एक उंच सूर धरून ठेवला आहे. आपल्या कानाला धरलेल्या सुराची सवय आहे, म्हणून फरक चटकन जाणवतो : तंबोरा गायकाला मांडी देतो, हा सूर कोणालाच काही देत नाही. माणसे निघून गेलेल्या घरात एखादे यंत्र चालू राहावे तसा तो वाजत राहतो. या विषयावर त्या काळी कितीतरी आक्रोश रचले गेले. या गाण्यात आक्रोशाला जागाच ठेवलेली नाही.

हे सारे दारिद्र्यातून आले का? काही अंशी आले. ढोलवादक नसल्यामुळे यंत्र आले, वेळ नसल्यामुळे सजावट टळली. पण तेवढीच वाण शेकडो बँडांना होती आणि त्यांनी ती आवाज वाढवून झाकली. या तिघांनी ती झाकायचे नाकारले आणि तिच्यातून घाट काढला. मोठ्या कंपनीच्या निर्मात्याने यांना पहिल्याच दिवशी ढोलवादक आणून दिला असता. तो निर्माता दुष्ट होता म्हणून नव्हे. गाणे असेच असते, हे त्याला ठाऊक होते म्हणून. 'रफ ट्रेड'ने तो आणून दिला नाही. स्वतंत्र वितरणाच्या जाळ्याने संगीताला काय दिले, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. बँड मात्र वर्षभरात फुटला. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या 'होल' या नामांकित बँडने यांचे 'क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड' आपल्या तबकडीत घेतले, तेव्हा अनेकांना नाव प्रथम कळले.

जाळ्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. 'इंडी' हा शब्द गाडी कोणाची हे सांगण्यासाठी निघाला होता. १९८६ मध्ये एका संगीतसाप्ताहिकाने बावीस बँडांची 'सी८६' ही कॅसेट काढली, तोवर तो एका विशिष्ट वाजण्याचे नाव होऊन बसला : किणकिणती गिटार, बुजरा आवाज. उलट १९८८ मध्ये कायली मिनोग हिचे 'आय शुड बी सो लकी' हे चकचकीत बाजारी गाणे स्वतंत्र यादीच्या शिरोभागी गेले, कारण त्याची गाडी नियमाप्रमाणे स्वतंत्र होती. लोकांना हा विनोद वाटला. मला यादीचा प्रामाणिकपणा वाटतो. नाव आणि वस्तू यांची फारकत झाली ती दुसऱ्या टोकाला : बुजऱ्या आवाजाचे बँड मोठ्या कंपन्यांनी खुशाल विकत घेतले आणि ते 'इंडी'च म्हणवले गेले. १९९१ मध्ये 'रफ ट्रेड'ची वितरणसंस्था बुडाली आणि तिच्याबरोबर अनेक लहान प्रकाशकांचे येणे बुडाले. ज्यांनी वेष्टनावर जमाखर्च छापण्याचा पायंडा पाडला, त्यांची चळवळ गोदामातल्या जमाखर्चावर अडखळली.

आज शोध घेणे ही अडचण राहिलेली नाही. कार्डिफच काय, कोहिमाचा बँडही बसल्या जागी ऐकता येतो. पण ऐकण्याचा आणि आधार देण्याचा सांधा निखळला आहे. त्या काळी तबकडी ऐकायची तर विकत घ्यावी लागे. कुतूहल हेच मोल होई. आता महिन्याची वर्गणी एका सामाईक हौदात जाते आणि तिची वाटणी एकूण ऐकण्याच्या प्रमाणात होते. मी महिनाभर एकाच अनाम बँडला ऐकले तरी माझी वर्गणी बहुतांशी ज्यांना सगळे जग ऐकते त्यांच्याकडे जाते. 'स्पॉटिफाय'ने २०२४ पासून असाही नियम केला, की मागील बारा महिन्यांत ज्या ध्वनिमुद्रणाला हजार वेळाही ऐकले गेले नाही त्याला त्या हौदातून काहीच नाही. म्हणजे 'डेस्परेट बायसिकल्स'च्या पाचशे प्रतींचे पाचशे मालक आज एकेकदा ते गाणे लावतील, तर त्याची किंमत शून्य.

'रफ ट्रेड'च्या जवळ जाणारी एक गोष्ट मात्र आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'बँडकँप'वर बँड आपली किंमत आपण ठरवतो आणि दुकान डिजिटल विक्रीवर साधारण पंधरा टक्के घेते. २० मार्च २०२० रोजी, महामारीने कार्यक्रम बंद पाडले असता, त्यांनी एका दिवसाचा आपला वाटाही सोडला. तो शुक्रवार होता आणि पुढे असे अनेक शुक्रवार झाले. तरीही २०२२ मध्ये हे दुकान एका खेळांच्या कंपनीने घेतले, २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकले आणि त्या हस्तांतरात निम्मे कर्मचारी घरी गेले. दुकान सहकारी नसले की असे होते. एक सोय मात्र तिथे अजून आहे. तबकडीच्या पानावर ती विकत घेणाऱ्यांची लहान लहान चित्रे दिसतात. कित्येक चांगल्या बँडांच्या पानांवर ती चार-पाचच असतात.