मुका मार

नात्यागोत्याच्या शब्दांत इंग्रजी भाषा दरिद्री आहे, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या समाधानाने सांगितली जाते. काका, मामा, आतोबा, मावसोबा या सर्वांना तिथे एकच ‘अंकल’! परंतु हीच भाषा मोडतोडीच्या आणि मारहाणीच्या प्रांतात शिरली की तिचा हात किती सढळ होतो, ते कुणी फारसे सांगत नाही. हर्ट, इंजर, वूंड, ब्रूज, मेम, मँगल, डॅमेज, डेंट, स्क्रॅच, ग्रेझ – यादी लांबवावी तेवढी लांबेल. आणि आमचे अनुवादक या साऱ्यांपुढे दोनच शब्द ठेवतात. माणूस असेल तर ‘इजा’, वस्तू असेल तर ‘नुकसान’. एकाच पळीने बासुंदी आणि कढी वाढावी, तसा हा प्रकार आहे. माझी तक्रार इंग्रजीविरुद्ध नाही, या पळीविरुद्ध आहे.

‘वूंड’ हा शब्द मुळात शस्त्राचा. सुरा, तलवार, गोळी यांनी केलेली जखम. म्हणून लढाईत शिपाई ‘वूंडेड’ होतो आणि आगगाडीच्या अपघातात उतारू ‘इंजर्ड’ होतो. चांगले इंग्रजी वर्तमानपत्र हा भेद सहसा मोडत नाही. आपल्याकडे दोघेही ‘जखमी’च. ‘इंजर’च्या मुळाशी तर न्याय या अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि त्याच्यामागे नकार. म्हणजे इजा नव्हे, अन्याय! जुन्या इंग्रजी कादंबरीतली एखादी बाई ‘इंजर्ड’ चेहऱ्याने बसली असली, तर तिच्या गालावर ओरखडा शोधू नये. आपल्यावर अन्याय झाला आहे, असे तिला वाटते आहे. ‘डॅमेज’चे मूळ तोटा या अर्थाच्या शब्दात आहे. त्याचे अनेकवचन केले की कोर्टात मागावयाची भरपाई होते. एक शब्द हत्याराकडे बोट दाखवतो, दुसरा न्यायाधीशाकडे, तिसरा जमाखर्चाच्या वहीकडे. हे बोट कापून टाकले, की उरते ती आपली ‘इजा’.

‘ब्रूज’ची कथा निराळी आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चिरडणे, ठेचणे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, सापाचे डोके आणि माणसाची टाच या दोहोंना हेच क्रियापद लावले आहे. पुढे शब्द मवाळ होत गेला. आज ‘ब्रूज’ म्हणजे कातडीखाली रक्त साकळून उठलेला डाग. आजचा इंग्रज मुलगा तो अध्याय वाचतो, तेव्हा सापाला टेंगूळ आले असेच त्याला वाटत असेल! मराठी बायबलाने तिथे ‘फोडणे’ हे क्रियापद घेतले आणि यशयाच्या ५३ व्या अध्यायात ‘ठेचणे’. ज्या कुणी ही योजना केली, त्यांना इंग्रजीच्या आजच्या सौम्य अर्थाची भुरळ पडली नाही. उत्तम अनुवाद म्हणतात तो हाच.

मात्र आजच्या ‘ब्रूज’ला मराठीत काय म्हणावे? फळांच्या बाबतीत अडचण नाही. सफरचंद ‘ब्रूज’ होते आणि आमचा आंबेवाला ‘मार लागलेला आंबा’ म्हणून तो वेगळा काढतो. दोन्ही भाषांना फळाचे अंग माणसाच्या अंगासारखे दिसले. माणसाकडे वळलो, की पुष्कळजण चटकन ‘मुका मार’ म्हणतील. पण ते शब्द एक नव्हेत. ‘ब्रूज’ला रंग आहे, तो डोळ्यांना दिसतो. मुका मार दिसेलच असे नाही. वरून कातडी शाबूत, रक्ताचा थेंब नाही आणि आतून ठणका. त्याला बोलता येत नाही, म्हणून तो मुका. माझ्या मते हा मराठीतल्या अत्यंत गंभीर शब्दांपैकी एक आहे, आणि आमच्या वाङ्मयाने त्याची कदर केलेली नाही.

गंमत म्हणजे या शब्दाची योग्यता कळते ती कायद्याच्या पुस्तकात. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेने केला. आपल्या विद्येविषयी त्याची मते काहीही असोत, शब्दांची पारख या निबंधकाराला होती. त्या संहितेत ‘हर्ट’ आणि ‘इंजरी’ यांच्या व्याख्या वेगळ्या. ‘इंजरी’त शरीर, मन, अब्रू, मालमत्ता सारे येते. ‘हर्ट’ मात्र शरीराचे, आणि त्याला नुसती वेदना पुरते. वण लागत नाही. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जबर दुखापतीच्या एका प्रकारातले वेदनेचे २० दिवस तिने १५ वर आणले. पण ‘हर्ट’ची व्याख्या तीच राहिली. म्हणजे मुक्या माराचे दुखणे कायदा ऐकतो. आमचे कादंबरीकार ऐकत नाहीत! आमच्या सासुरवाशिणीचे कपाळ उंबरठ्यावर आपटून रक्ताची धार लागल्याखेरीज तिचा छळ झाला, असे लेखकाला पटत नाही. न दिसणारे दुखणे लिहावयाचे म्हणजे शब्द हवेत, आणि ‘इजा’ने ते भागत नाही.

वाक्याच्या घडणीतही असाच घोळ होतो. इंग्रज म्हणतो, त्याने आपला पाय मोडला. शाळेत मुले याचे जसेच्या तसे मराठी करतात, आणि हातोडा घेऊन स्वतःच्या नडगीवर बसलेला एक वेडा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मराठीत पाय मोडतो, काच तडकते, बोट दारात चेंगरते, घोटा मुरगळतो, गुडघा खरचटतो, कपाचा टवका उडतो, तांब्याला पोचा येतो, धोतराला खोंबारा लागतो. कर्त्याची चौकशी नाही. ज्याचे बिघडले त्याची आधी विचारपूस. आईजवळ रडत आलेले मूल ‘मला लागलं’ एवढेच म्हणते. कुणी लावले, ते नंतर! ही मराठीची माया आहे; पण अपराध्याला लपावयास जागाही इथेच सापडते. ‘काच फुटली’ म्हणणाऱ्या मुलाची चलाखी प्रत्येक मास्तरला ठाऊक असते.

अलीकडे ‘मला हर्ट झालं’ असे सर्रास ऐकू येते. कादंबरीतल्या तरुण पात्रांनी तसे बोलण्यास माझी हरकत नाही, कारण तरुण तसेच बोलतात. लेखकाने स्वतःच्या निवेदनात तसे लिहिले, की मात्र मी पुस्तक मिटतो. मन दुखावते, मोडते, विटते, माणूस हिरमुसतो, बोलणे जिव्हारी लागते. या पाचांत एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

लहान शब्दाचे बळ पाहावयाचे असेल तर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या तिसऱ्या अंकात पाहावे. टिबाल्टची तलवार मर्क्युशिओच्या वर्मी लागली आहे, तो थोड्याच वेळात मरणार आहे, आणि मित्रांनी विचारल्यावर तो त्या घावाला म्हणतो ‘स्क्रॅच’. नुसता ओरखडा! तोच ओरखडा आपल्याला पुरेल, हेही तो तिथेच सांगून टाकतो. मित्रांना तो थट्टाच करतो आहे असे वाटते, आणि प्रेक्षकाच्या पोटात मात्र खड्डा पडतो. मराठीत इथे ‘ओरखडा’ किंवा ‘जरासं खरचटलंय’ लिहावे. ‘किरकोळ इजा’ असे कुणी लिहिले, तर मर्क्युशिओ टिबाल्टच्या हातून मरण्याआधी अनुवादकाच्या हातून मरेल.